तीस गुणांची परीक्षा आणि उतारवयाचे भाकीत



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांतून हसत हसत म्हटली जाते आणि ज्याला उद्देशून ती म्हटली जाते तोही बहुधा हसतो. परंतु या विनोदाने दोन प्रकारचे नुकसान केले आहे. चष्मा कोठे ठेवला हे न आठवणारा धडधाकट मनुष्य स्वतःच्या बुद्धीविषयी उगाच धास्तावतो. आणि ज्याला खरोखरच रोगाने ग्रासले आहे त्याचे वागणे ‘वयच झाले आता’ म्हणून घरचे लोक वर्षानुवर्षे सोडून देतात. म्हण खरी असती तर साठी ओलांडलेला प्रत्येक जण बुद्धीला मुकला असता. ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, भारतात साठ व त्यापुढील वयाच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. ८८ लाख ही संख्या लहान नव्हे. पण शंभरांतील ब्याण्णव जणांची बुद्धी साठीनंतरही ‘नाठी’ होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

मग या शंभरांतील ते सात-आठ जण कोण, आणि पुढच्या पाच-दहा वर्षांत त्या वाटेने कोण जाणार, हे आधी कळेल काय? पाच-दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांतून हे भाकीत करता येईल, अशी आशा गेल्या अर्धशतकात वैद्यकाने बाळगली. त्या आशेचे काय झाले, हा आजचा विषय.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून परिचित आहे. तेथे त्याचे मूळ क्रोधात आणि संमोहात सांगितले आहे. आजच्या वैद्यकातील स्मृतिभ्रंशाचे मूळ मेंदूच्या झिजेत आहे. त्याचा रोग्याच्या स्वभावाशी किंवा संयमाशी संबंध नाही. शब्द एकच असल्यामुळे पुष्कळदा रोग्यालाच दोष दिला जातो, म्हणून हा खुलासा.

या परीक्षेचा पूर्वज शोधायचा तर १९०१ सालच्या फ्रँकफुर्टला जावे लागते. तेथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डी. या नावाने वैद्यकीय वाङ्मयात प्रसिद्ध असलेली एक स्त्री दाखल झाली. तिचे वय ५१, म्हणजे साठीही दूर होती. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्यासमोर बसून साधेसुधे प्रश्न विचारीत आणि तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवीत. नाव काय? पतीचे नाव काय? पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवल्या म्हणजे तिला नावे बरोबर सांगता येत. परंतु थोड्याच वेळाने काय दाखवले होते हे विचारले की तिला काही आठवत नसे. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाला, मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथे अल्झायमरने आपले निरीक्षण मांडले. तिची कागदपत्रे पुढे हरवली. ती १९९५ च्या अखेरीस सापडली, तेव्हा ही प्रश्नोत्तरे जगापुढे आली. वस्तू दाखवणे, काही वेळ जाऊ देणे आणि पुन्हा विचारणे, या तीन पायऱ्यांवरच आजच्या सर्व लघुचाचण्या उभ्या आहेत.

या प्रश्नोत्तरांना गुण देण्याची पद्धत नंतर आली. १९७२ मध्ये इंग्लंडच्या हॉडकिन्सन यांनी दहा प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. वय, वर्ष, जन्मतारीख यांच्याबरोबरच पहिले महायुद्ध केव्हा झाले आणि गादीवर कोण आहे, हे प्रश्नही तीत होते. इंग्लंडातील वृद्धाला ते अगदी सोपे. पण विदर्भातील एखाद्या शेतकऱ्याला ते विचारले तर त्याच्या मेंदूची परीक्षा होईल की शाळेची? ही शंका पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरून उरली आहे.

जगभर रूढ झाली ती मात्र १९७५ ची, मार्शल फॉल्स्टाइन, सुझन फॉल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू यांची तीस गुणांची चाचणी. स्थळकाळाचे भान १० गुण, तीन शब्द ऐकून उच्चारणे ३, लक्ष आणि वजाबाकी ५, तेच तीन शब्द नंतर आठवणे ३, भाषा ८ आणि एक आकृती पाहून काढणे १. चोवीसच्या खाली गुण आले की संशय घ्यावा, असा दंडक पुढे पडला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मूळ निबंधातील २०६ रोगी आणि ६३ निरोगी व्यक्तींवर हे पाहिले गेले, ते रोगाची त्या दिवशीची अवस्था मोजण्यासाठी. पाच वर्षांनंतरचे भविष्य सांगण्यासाठी ही चाचणी रचलेलीच नव्हती. ते काम तिच्या गळ्यात नंतर पडले, आणि मूळ कर्त्यांना त्याबद्दल बोल लावणे न्यायाचे नाही.

दंडकाचे काय झाले, ते १९९३ मध्ये अमेरिकेतील अठरा हजारांहून अधिक प्रौढांच्या गुणांवरून दिसले. नऊ किंवा अधिक वर्षे शाळेत गेलेल्यांचा मध्यम गुणांक २९ आला. पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचा २६. आणि चार वर्षांपर्यंतच शाळा पाहिलेल्यांचा २२. म्हणजे कमी शिकलेला सामान्य मनुष्य, काहीही आजार नसताना, चोवीसच्या दंडकाखाली आपोआप जातो. येथे नापास होते ती त्याची हुकलेली शाळा.

या प्रश्नाला भारतात जे उत्तर शोधले गेले ते तपशिलाने सांगण्याजोगे आहे. हरियाणातील बल्लभगड परिसरातील २८ गावांत अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने नव्वदच्या दशकात एक मोठा अभ्यास झाला. ५५ व त्यापुढील वयाच्या ५,१२६ व्यक्ती तीत होत्या आणि त्यांच्यापैकी ७३ टक्क्यांहून अधिक निरक्षर होत्या. तीस गुणांची चाचणी नुसती हिंदीत उतरवून येथे भागणार नव्हते. ‘डोळे मिटा’ हा मजकूर वाचून तसे करा, या प्रश्नाचे निरक्षराला काय करायचे? म्हणून परीक्षकाने सांगायचे, ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’, आणि आपले डोळे मिटायचे. एक वाक्य लिहा, याऐवजी ‘तुमच्या घराविषयी काही सांगा’. शंभरातून सात-सात वजा करीत जाण्याऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणा. घड्याळातील वेळ विचारण्याऐवजी आता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली ही हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. भाषांतर आणि रूपांतर यांतला फरक ज्यांना उदाहरणाने समजावून घ्यायचा असेल, त्यांनी साहित्याच्या चर्चेआधी ही प्रश्नावली पाहावी.

या अभ्यासात ६५ व त्यापुढील वयाच्या व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अवघे १.३६ टक्के निघाले. त्याच्या शेजारी २०२३ चा ७.४ टक्क्यांचा अंदाज ठेवला की मन चक्रावते. काळ बदलला, आयुर्मान वाढले, खेडे आणि देश यांत फरक आहे, हे सर्व खरे. तरीही या अंतराचा काही भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे, हे मान्य करावेच लागते. जेथे घरातील सून स्वयंपाक करते आणि मुलगा व्यवहार पाहतो, तेथे म्हाताऱ्याचे काही चुकावे असे कामच त्याच्याकडे उरत नाही. मग रोग दिसणार कोठून?

मराठीपुरते बोलायचे तर अडचणी निराळ्या आहेत. इंग्रजी चाचणीत पाच अक्षरांचा एक शब्द उलट क्रमाने सांगायचा असतो. मराठीत अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर यांची जोडी. ‘सरबत’ उलटे म्हणता येईल. परंतु जेथे वेलांटी आणि जोडाक्षर आले, तेथे उलटताना मात्रा कोणाबरोबर जावी, याचा निकाल वैयाकरणही सहज देणार नाहीत. आणि आज तिथी कोणती, हे न चुकता सांगणारी, एकादशी आणि संकष्टी कधीही न विसरणारी आजी इंग्रजी तारखेला अडखळली तर तिचे दोन गुण कापायचे काय? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने सिद्ध केलेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला चाचणीसंच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला. त्या पाचांत मराठी नव्हती. त्याच वर्षी ‘अ‍ॅडनब्रुक’ चाचणीचे सात भाषांतील काम प्रसिद्ध झाले, त्यांतही मराठी नव्हती. मराठी भाषांतरे वापरात आहेत, हे खरे. परंतु भाषांतर होणे निराळे आणि किती शिकलेल्या, कोणत्या वयाच्या मराठी माणसाला किती गुण पडावेत हे शेकडो निरोगी माणसे तपासून ठरवणे निराळे. आठ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेला हे काम मागे ठेवणे शोभत नाही.

आता मुख्य प्रश्न भाकिताचा. रोग ओळखणे आणि रोगाचे भाकीत करणे या दोन गोष्टी सर्रास एक समजल्या जातात. त्यांपैकी पहिलीही वाटते तितकी सोपी नाही. एक हिशेब पाहावा. एक हजार वृद्ध, आणि वर सांगितलेल्या प्रमाणाने त्यांतील ७४ जणांना विकार. चाचणी अशी समजावी की ती शंभर रोग्यांपैकी ऐंशींना ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी ऐंशींना निरोगी ठरवते. म्हणजे बऱ्यापैकी चांगली. ७४ पैकी ५९ सापडतील. परंतु ९२६ निरोग्यांपैकी १८५ जणांवरही तिचे बोट पडेल. ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले त्या २४४ पैकी १८५ जण निर्दोष! सरसकट सर्व वृद्धांना रांगेत उभे करून चाचणी घेण्याची शिबिरे भरवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा मंडळाने २०२० मध्ये, कोणतीही तक्रार नसलेल्या वृद्धांची अशी सरसकट तपासणी करावी किंवा करू नये, या दोहोंपैकी काहीही सांगण्याइतका पुरावा नाही असा निर्णय दिला, तो याच जातीच्या कारणांमुळे.

भाकिताची परीक्षा २०१५ मध्ये झाली. ज्यांची स्मृती थोडी मंदावली आहे पण व्यवहार नीट चालतात, अशा १,५६९ व्यक्तींच्या अकरा अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी एकत्र विचार केला. त्यांच्यापैकी पुढे कोणाला स्मृतिभ्रंश होईल, हे तीस गुणांच्या एकाच चाचणीवरून कितपत कळते? पुढे ज्यांना रोग झाला त्यांतील कोठे २३ टक्के आधी ओळखले गेले होते, तर कोठे ७६ टक्के. निष्कर्ष स्पष्ट होता: एकदाच घेतलेल्या या चाचणीच्या एकट्या आधारावर भाकीत करू नये. नंतरच्या चाचण्या, म्हणजे तीन शब्द आणि घड्याळाचे चित्र एवढ्यांवर भागवणारी २००० सालची ‘मिनी-कॉग’ आणि कॅनडाचे झियाद नासरेद्दीन यांची २००५ ची ‘मोका’, सूक्ष्म दोष अधिक पकडतात. ‘अकरा वाजून दहा मिनिटे’ दाखवताना लांब काटा दोनवर न जाता ‘दहा’ या शब्दाच्या ओढीने दहाच्या आकड्यावर गेला, तर योजनाशक्तीत काही बिघडले आहे असा तर्क करता येतो; चित्र साधे, पण त्यातून पुष्कळ दिसते. तरीही एका दिवसाच्या एका कागदाची मर्यादा त्यांनाही सुटलेली नाही.

मग भाकीत मुळीच होत नाही काय? होते, फक्त निराळ्या रीतीने होते. फ्रान्समधील बोर्दो परिसरात १९८८ मध्ये ६५ व त्यापुढील वयाच्या ३,७७७ व्यक्तींचा अभ्यास सुरू झाला आणि त्याच व्यक्तींच्या चाचण्या वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा घेतल्या गेल्या. पुढे ज्यांना अल्झायमरचा रोग जडला, त्यांचे जुने कागद काढून पाहिले तेव्हा आढळले की निदानापूर्वी बारा वर्षे त्यांची गुणरेषा इतरांपासून अलग होऊन खाली झुकू लागली होती. पहिली घसरण शब्दसंपत्तीशी निगडित चाचणीत होती. फळे, प्राणी अशा एखाद्या वर्गातील नावे ठरावीक वेळात भराभर सांगायची, अशी ती चाचणी. बारा वर्षांपूर्वीच्या त्या एका दिवशी यांपैकी बहुतेक जण ‘उत्तीर्ण’च होते. एका दिवसाचा गुण काही बोलत नव्हता. दोन दिवसांतले अंतर बोलत होते.

ग्रंथालयाच्या सभासदांना जवळून लागू पडणारी गोष्ट याच अभ्यासाने २०१४ मध्ये सांगितली. अधिक शिकलेल्या रोग्यांत घसरणीचा आरंभ निदानाच्या पंधरा-सोळा वर्षे आधी दिसला. कमी शिकलेल्यांत सुमारे सात वर्षे आधी. सुशिक्षिताजवळ शिल्लक मोठी असते. तो पुष्कळ वर्षे त्या शिलकीवर निभावून नेतो आणि परीक्षेत २९ गुण मिळवीत राहतो. म्हणजे जी चाचणी निरक्षराला अन्यायाने नापास करते, तीच वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला अन्यायाने पास करते. निवृत्त प्राध्यापकांना तीसपैकी अठ्ठावीस मिळाले म्हणून घरचे निश्चिंत होतात. पण पाच वर्षांपूर्वी जे तासभर मुद्देसूद बोलत, ते आता वाक्य अर्ध्यावर सोडतात, याची नोंद कोणत्याच कागदावर नसते.

वाचनाने रोग टळतो, असे यातून कोणी ऐकू नये. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ जोगिणींचा प्रसिद्ध अभ्यास केला. तरुणपणी, मठात प्रवेश करताना, त्यांतील अनेकींनी लिहिलेली लहानशी आत्मवृत्ते जपून ठेवलेली होती. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी होती त्यांना उतारवयात हा रोग कमी आढळला, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासातील एक जोगीण १०१ वर्षे जगली, अखेरपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवीत राहिली, आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूत रोगाच्या खुणा विपुल सापडल्या. रोग होता, पण आयुष्यभर त्याचे चालले नाही. असे का होते, याचे पूर्ण उत्तर अद्याप कोणाजवळ नाही.

ज्या हैदराबाद नगरीत हे ग्रंथालय शंभर वर्षे उभे आहे, तेथील निझाम्स इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. आणि निरक्षर द्विभाषिकांतही हा लाभ दिसत असल्यामुळे तो केवळ शाळेचा नव्हता. घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजाऱ्याशी दखनी आणि कचेरीत इंग्रजी, असे आयुष्य काढलेल्या येथील मराठी माणसाला ही वार्ता सुखावणारी आहे. हा रुग्णालयात आलेल्यांचा अभ्यास आहे आणि अन्यत्र सर्वत्र असेच निष्कर्ष निघालेले नाहीत, एवढे भान ठेवून ती ऐकावी. परंतु हीच बहुभाषिकता चाचणीच्या खोलीत आड येते. एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगताना मांजर, हत्ती, मग मध्येच ‘बकरा’, ‘कुक्का’ असे उत्तर आले आणि परीक्षकाने फक्त एकाच भाषेतील शब्द मोजले, तर गुण कमी पडायचेच. पुष्कळ बोलल्या जाणाऱ्या भाषांपैकी कोणती भाषा विचार करण्याची आहे, हे विचारल्याशिवाय चाचणीला आरंभच होऊ नये.

कागदावर जे येत नाही ते घरच्यांना ठाऊक असते, हे ऑस्ट्रेलियाचे अँथनी जॉर्म यांनी हेरले. त्यांची १९८९ ची प्रश्नावली रोग्याला काहीच विचारत नाही. ती नातलगाला विचारते, दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ही व्यक्ती आता कशी आहे? घरातील वस्तू कोठे असतात हे आठवते का, पैशाचे व्यवहार जमतात का, नवे यंत्र वापरायला शिकते का? तुलना स्वतःशीच असल्यामुळे शाळा आड येत नाही. बल्लभगडच्या अभ्यासकांनीही दैनंदिन व्यवहाराची अशीच एक मापनपट्टी केली. जेवल्याचे विसरून पुन्हा जेवण मागणे, गावात वाट चुकणे, असे तिचे स्वरूप. लघुचाचणी आणि नातलगाची साक्ष एकत्र घेतली म्हणजे दोहोंचे दोष बरेच झाकले जातात. मात्र साक्ष देणाऱ्यानेच ‘वयच झाले आता’ असे ठरवून टाकले असेल तर ही वाटही बंद होते.

कमी गुण म्हणजे स्मृतिभ्रंश असेही नव्हे. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, खिन्नता, झोपेच्या गोळ्या, किंवा नुसते ऐकू न येणे, यांनीही गुण उतरतात आणि उपचारांनी पुन्हा चढू शकतात. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा टाळता येण्याजोगी कारणे मोजली आणि जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी निगडित असल्याचे सांगितले, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह यांच्या जोडीला उपचार न केलेला दृष्टिदोषही त्या यादीत आहे. रक्तातील प्रथिनांवरून अल्झायमरचा मागोवा घेणाऱ्या एका चाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली, तीही ५५ आणि त्यापुढील वयाच्या, लक्षणे दिसू लागलेल्या व्यक्तींपुरतीच. आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, रक्त नंतर.

तेव्हा ज्यांना स्वतःच्या वा आप्तांच्या स्मृतीत गेल्या वर्ष-दोन वर्षांत खरा बदल जाणवला आहे, त्यांनी ही तपासणी अवश्य करून घ्यावी. जाताना चष्मा आणि श्रवणयंत्र न्यावे, चालू औषधांची चिठ्ठी न्यावी, आणि कोणत्या भाषेत विचारावे हे आधीच सांगावे. रात्रभर जागरण झाले असेल किंवा ताप असेल तर त्या दिवशी जाऊ नये. हेच प्रश्न घरी पाठ करून जाण्याचा मोह काहींना होतो. त्याने गुण वाढतात आणि चाचणी वाया जाते. बरोबर जाणाऱ्याने वृद्धाच्या तोंडचे उत्तर आपण देऊ नये. वेगळे बोलावून विचारतील तेव्हा मात्र भीड न धरता सांगावे. आणि निघताना मिळालेले गुण, चाचणीचे नाव, भाषा, शिक्षणाची वर्षे आणि तारीख एवढे एका कागदावर उतरवून तो घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा. वर्ष-दोन वर्षांनी त्याच भाषेत दुसऱ्यांदा तपासणी होईल, तेव्हा डॉक्टर पहिल्या प्रथम तोच कागद मागतील.